सत्तावीस फोन, एक नंबर

३ फेब्रुवारी, सोमवार

सत्तावीस फोन! एका दिवसात! मान आखडलीय, डोळ्यांची आग होतेय, पण झाले एकदाचे. गल्लीतली सत्तावीस घरं, घरटी मोठ्यांचा एक फोन. सगळ्यांना कुलूप घातलं.

हा सगळा कालच्या सभेचा प्रताप. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. (अध्यक्ष म्हणजे कुणी निवडून दिलेले नव्हेत. वीस वर्षं सभेत पहिल्या खुर्चीवर बसतात, म्हणून अध्यक्ष.) म्हणाले, "आपल्या गल्लीत पोरं आजी-आजोबांच्या मांडीवर वाढली. आता फोन घेऊन कोपऱ्यात वाढतायत. हे चालायचं नाही!" टाळ्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, फोनदुरुस्तीच्या माझ्या दुकानात रोज बघतो मी. परवा एका बाईच्या कडेवरचं दीड वर्षाचं पोर फुटलेल्या काचेवर बोट ओढत होतं. बोट कापलं, रडलं, आणि रडत रडत पुन्हा ओढायला लागलं.

ठरलं ते असं. फोन घेता येईल, करता येईल. बाकी सगळं — व्हिडिओ, खेळ, फोटो — चार आकडी नंबर टाकल्याशिवाय उघडणार नाही. आणि तो नंबर घरात कुणालाच द्यायचा नाही! फक्त माझ्याकडे. "घरात नंबर असला की आजी विरघळणार," अध्यक्ष म्हणाले, "आणि मोठ्यांनीही सोडायचं. आपण सोडलं तर पोरं सोडतील." सगळ्यांनी हात वर करून कबूल केलं. सगळ्यांत उंच हात शिंपी आजोबांचा.

एकटी सुतारांची सून उलट बोलली. लग्न होऊन आठ महिने झालेत. आमच्या सभेत सुना मागच्या चटईवर बसतात आणि गप्प बसतात. ही उभी राहिली. "कुलूप लावून मुलाला वळण लागत नाही. त्याच्या शेजारी बसा. एकच गोष्ट बघा, मग बंद करा, मग विचारा काय बघितलंस ते." सासूने हात धरून खाली बसवलं तिला.

अध्यक्ष हसले. "शेजारी बसायला वेळ कुणाला आहे, सूनबाई?"

सगळे हसले. मला तर तो प्रश्न अगदी बिनतोड वाटला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

एक गोष्ट फक्त इथे लिहितो. काल प्रत्येकाला छातीठोकपणे सांगितलं, "तुमचा नंबर वेगळा. वहीत लिहून कुलपात ठेवलाय." कुठली वही आणि कुठलं कुलूप! सगळ्यांना एकच नंबर आहे. २५८०. मधली उभी ओळ. अंगठा वरून खाली आणला की झालं. गिऱ्हाइकाचा फोन तपासताना मी वर्षानुवर्षं हाच टाकत आलोय, आता बोट आपोआप तिकडेच जातं. सत्तावीस नंबर सांभाळत कोण बसणार? आणि कळणार तरी कुणाला?

मुंगीला काल शाळेला सुट्टी होती, सकाळपासून शेजारीच बसून होती. गृहपाठ झाल्यावर स्क्रू वेगळे करून दिले — लहान एका झाकणात, मोठे दुसऱ्यात. सात वर्षांची आहे, पण हात इतका हलका की तिला चिमटा लागत नाही. सदा काहीतरी उचलून इकडचं तिकडे करत असते, म्हणून मुंगी. माझ्या मुलीला मी फोन दिलेला नाही. फोन दुरुस्त करणाऱ्याच्या घरात मुलाच्या हातात फोन नाही! अध्यक्षांनी हे सभेत सांगितलं तेव्हा कॉलर ताठ झाली होती माझी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गल्लीत पोरं! संध्याकाळी दुकानासमोर लगोऱ्यांचा ढीग, आरडाओरडा, एकाचा गुडघा फुटला, सुतारांच्या खिडकीची काच गेली. काच गेली म्हणून सुतार हसत होते! जो येतो तो पाठीवर थाप मारतो. शिंपी आजोबा म्हणाले, "तुझ्यामुळे घरात माणसं एकमेकांशी बोलायला लागली." आता हे जरा जास्तच झालं. पण ऐकायला बरं वाटतं.

मुंगीचेही लाड होतायत. आज नवीन रिबीन घेऊन आली, काल खोडरबर, परवा गोळ्या. "कुणी दिल्या?" "अशाच." ही म्हणाली, "अहो, बापाचं नाव झालंय, लेकीला मिळतंय." असेल.

९ फेब्रुवारी, रविवार

सुतारांच्या पायरीवर संध्याकाळी शाळाच भरते म्हणे. सुनेचा फोन तेवढा कुलपाविना आहे. ती घरून बालवाडी शिक्षिकेचा अभ्यास करतेय, अध्यक्षांनी नाराजीनेच सूट दिली. पायरीवर दहा-बारा पोरं जमतात. ती फोनवर पाच मिनिटांची एकच गोष्ट दाखवते, की लगेच फोन पालथा. मग प्रश्न. काल कोळी जाळं कसं विणतो ते दाखवलं आणि सगळ्या वरातीला घेऊन जिन्याखालचं जाळं शोधायला गेली! मुंगी घरी येऊन पाऊण तास कोळ्यावर बोलत होती. जेवताना माझ्या ताटात बोटाने जाळं काढून दाखवलं.

ही म्हणाली, "बाई हुशार आहे हो."

मी म्हणालो, "हुशार आहे, पण सभेत बोलायची काय गरज होती?"

का म्हणालो कुणास ठाऊक.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वाईट झालं. शिंप्यांची नात, पाच वर्षांची, कालपासून बोलत नाही. पलंगाखाली सापडली. कानात तारा, हातात आजोबांचा फोन, डोळे टक्क उघडे. काहीतरी भयंकर बघितलंय तिने. कुणी जवळ गेलं की किंचाळते, आईचाही हात लावून घेत नाही. दिवसाढवळ्या दिवा लावून बसवलंय.

आणि फोन उघडा होता! कुलूप उघडलेलं!

शिंपी आजोबांनी कानांवर हात ठेवले. "मी हात लावलेला नाही त्या व्हिडिओंना. सभेत शब्द दिलाय मी." धावत माझ्याकडे आले सगळे. मी फोन तपासला. मोडतोड काही नाही. नंबर टाकूनच उघडलाय. म्हणालो, "कुणाला तरी नंबर कळला असणार." एवढंच बोललो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन उघडायला घेतला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नाव ठरलं! कुणी ठरवलं ते कळलं नाही, पण ठरलं. सुतारांची सून. तिला फोनमधलं सगळं कळतं, तिचाच फोन उघडा असतो, शिंप्यांची नात तिच्या पायरीवर बसते आणि ती आधीपासून कुलपाच्या विरोधात होती. अध्यक्षांच्या ओसरीवर सगळे जमले होते, मलाही बोलावलं. मला विचारलं, "शिकलेल्या माणसाला नंबर काढता येतो का रे?"

मी म्हणालो, "येत असेल."

येत असेल! दोन शब्द. दहा वर्षं हा धंदा करतोय, मला माहीत आहे की असं येत नाही. पण त्या क्षणी सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला वाटलं, आता पुढचा प्रश्न माझ्या वहीचा येणार. वही दाखव म्हणाले तर?

तिला बोलावलंच नाही. निरोप गेला — पायरीवरची बैठक बंद.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दार लावून लिहितोय.

दुपारी जेवायला घरी आलो. माझी आई पलंगावर डोळे मिटून पडलेली. मुंगी उशाशी बसलेली, आईचा फोन तिच्या मांडीवर. मला बघितलं नाही तिने. अंगठा वरून खाली नेला. फोनकडे न बघता! खिडकीबाहेर बघत होती. कुलूप उघडलं.

हात धरून बाहेर आणली. "नंबर कुठून कळला?"

"तुम्हीच टाकत होता ना, बाबा. सत्तावीस वेळा. मी मोजले."

"शिंप्यांचा फोन तू उघडलास?"

पायाच्या अंगठ्याकडे बघत मान हलवली. हो.

पुढे काही विचारलंच नाही. का केलंस, कितीदा केलंस, काहीच नाही. डोक्यात एकच — हे बाहेर गेलं तर! माझ्या पोरीमुळे शिंप्यांची नात तशी झाली. आणि नंबर एकच होता हे कळलं तर कोण देणार माझ्या हातात फोन? माणसं फोन देतात म्हणजे बायकोपोरांचे फोटो देतात, भांडणं देतात, सगळं घर देतात. माझा शब्द खोटा निघाला तर दुकानाला टाळंच.

खाली बसलो, तिचे दोन्ही खांदे धरले. "मुंगे, ऐक. कुणी विचारलं तर सांगायचं नाही. कुणालाही नाही."

"बरं," म्हणाली.

लगेच! ही पोर साध्या आंघोळीला चार वेळा 'का' विचारते. आज एकदाही नाही. तेच जास्त लागलं मला.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळी घरं फिरलो. "कंपनीकडून सुधारणा आलीय" असं सांगून प्रत्येक फोनचा नंबर बदलला. या वेळी खरंच सत्तावीस वेगळे, खरंच वहीत. चोरी झाल्यावर कुलूप बदलणारा मी! वाटलं होतं लोक खूश होतील. उलट! अध्यक्षांचा चेहरा पडला. "न विचारता बदललास? कशाला?" सुतारीण काकू, म्हणजे त्या सुनेची सासू, फोन कनवटीलाच लावून बसल्या होत्या, सोडेनात. सकाळपासून इतकी तोंडं वाकडी बघितली की वाटलं, मी कुलूप बदलायला नाही, दातच काढून न्यायला आलोय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सुतारीण काकू दुकानात आल्या. सुनेचा फोन माझ्या टेबलावर ठेवला. "याला पण घाल कुलूप. पुरतं. फोनसुद्धा लागता कामा नये."

म्हणालो, "काकू, त्यांचा अभ्यास —"

"अभ्यास! गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही आणि अभ्यास! कुलूप घाल आणि इथेच ठेव तुझ्या ड्रॉवरमध्ये. घरी नको."

घातलं मी. चोवीस वर्षांच्या बाईच्या फोनला, पोरांना घालतात ते कुलूप. हात थांबला असता तर आज निदान तेवढं तरी लिहिता आलं असतं. थांबला नाही. सराईत हात!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ड्रॉवरमधला फोन पाच वाजता वाजतो. अलार्म आहे. पडद्यावर शब्द येतो — 'अभ्यास'. मी बंद करतो. पाच मिनिटांनी पुन्हा वाजतो.

आज अलार्मखाली एक निरोपही दिसला. परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख शुक्रवार, एकवीस, संध्याकाळी पाच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिंप्यांची नात थोडी बोलायला लागली. "पाणी" म्हणाली म्हणे. देवा, एवढं तरी.

मुंगी संध्याकाळी दाराच्या उंबऱ्यावर बसून असते. सुतारांच्या पायरीकडे बघत. पायरीवर कुणी नसतं. म्हणाली, "ताई आता कोळी नाही दाखवणार?" मी म्हणालो, "नाही." "कधीच?" मी दुकानात काम आहे म्हणून उठलो. दुकान बंद करून आलो होतो.

कुणी रिबीन-बिबीनही देत नाही आताशा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ती आली. एकटी, दुपारी, रस्त्यावर कुणी नसताना. काउंटरच्या बाहेरच उभी राहिली. आवाज अगदी शांत.

"दादा, दहा मिनिटं उघडून द्या. इथेच उभी राहून अर्ज भरते. परत देते. उद्या शेवटची तारीख आहे."

मी हातातली काच पुसत राहिलो. पुसलेलीच काच.

"घरच्यांनी सांगितलं तर —"

"घरचे सांगणार नाहीत. तुम्हाला माहीत आहे." मग म्हणाली, "मी त्या मुलीला काहीही दाखवलं नाही. तुम्हाला वाटतं मी दाखवलं असेल?"

नाही म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न होता, मग कुणी? हो म्हणायला जीभ वळेना. म्हणालो, "रविवारी सभा आहे. तिथे काय ते होईल."

"रविवारी," ती म्हणाली. मान हलवली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. चार शब्द सुनावले असते तर मी रागावलो असतो, आणि रागात काहीतरी जमलं असतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चार वाजता ड्रॉवर उघडला. फोन हातात घेतला. मीच घातलेल्या कुलपाचा नंबर माझ्याच वहीत. उघडायचा, पळत जायचं, दारात तिच्या हातात द्यायचा. पन्नास पावलांवर आहे सुतारांचं घर. मोजलेली आहेत.

साडेचारला दुकानाच्या दारापर्यंत गेलो. समोर अध्यक्ष उभे, कुणाशी तरी बोलत. "काय रे, कुठे निघालास?" "कुठे नाही." आत आलो.

पाच वाजले. अलार्म वाजला. अभ्यास.

मी बंद केला.

ही चहा घेऊन आली होती. माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. सगळं सांगितलं तिला — नंबर, मुंगी, अर्ज, सगळं. वाटलं रडेल, चिडेल. कप खाली ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही पोरीला काय शिकवलंत माहीत आहे का? दुसरं कुणी बोलणी खात असेल तर आपण गप्प बसायचं."

चहा तसाच राहिला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बोलणार. उद्या बोलणार. लिहून ठेवतो म्हणजे मागे फिरता येणार नाही.

लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तारीख टळल्यावर धीर आला मला! आता अर्जाची घाई नाही, म्हणून बोलायला सुचतंय. ती दारात उभी होती तेव्हा कुठे गेली होती ही जीभ?

आणि त्याहून एक. आठवडाभर मी स्वतःला सांगत आलो की मुंगीसाठी गप्प आहे. पोरीवर डाग नको. साफ खोटं! दुकानासाठी गप्प होतो. मुंगी फक्त पुढे उभी केली होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

बोललो.

विषय होता, सुतारांच्या पायरीवर पोरांनी जायचं की ते कायमचं बंद. अध्यक्षांनी सुरुवात केली आणि मी उभा राहिलो. खुर्ची धरली.

"नंबर एकच होता. सत्तावीसही फोनांना. वेगळा आहे म्हणून मी खोटं बोललो. माझ्या मुलीने बघून पाठ केला. शिंप्यांचा फोन तिने उघडला. सुतारांच्या सूनबाईंचा यात काही संबंध नाही. मला आठ दिवसांपासून माहीत आहे."

मग वाट बघत राहिलो. शिव्यांची, कुणीतरी उठून अंगावर येण्याची. शिंपी आजोबा तरी! त्यांच्या नातीचा प्रश्न होता.

काहीच नाही! शिंपी आजोबा गुडघ्यावरचा दोरा काढत बसले, निघाला तरी काढत बसले. सुतारीण काकूंनी मान खाली घातली. माझी आई भिंतीकडे बघत होती. अध्यक्षांनी घसा साफ केला. "बरं. झालं गेलं. पोर लहान आहे. विषय संपला." एवढंच! ज्या सभेत लगोरीच्या दगडांवरून तासभर भांडण चालतं, तिथे हा विषय दोन मिनिटांत संपला. कुणी एक प्रश्न विचारला नाही. एकही नाही. सुतारीण काकू जाता जाता म्हणाल्या, "मुंगीला रागावू नकोस हो." त्या! ज्यांनी सुनेचा फोन आणून माझ्या टेबलावर ठेवला होता!

मला वाटलं, माझ्यासाठी लाजतायत सगळे. भला माणूस म्हणत होते ना मला. आता बघवत नाही.

हॉल रिकामा झाल्यावर तिच्याकडे गेलो. फोन दिला. कुलूप काढलेला. तिने चालू करून बघितला.

"तारीख गेली," ती म्हणाली. "आता पुढच्या वर्षी."

"चुकलो मी."

"हो," म्हणाली. तेवढंच. माफ केलं म्हणाली नाही, आणि मी तरी कोणत्या तोंडाने मागणार होतो?

चटई गुंडाळत होती. मध्येच थांबली. "दादा, मुंगीला विचारलंत का, तिने तो फोन कुणासाठी उघडला ते?"

"शिंप्यांच्या नातीसाठी. आणखी कुणासाठी?"

"तुम्ही विचारलंत का?"

नव्हतं विचारलं.

"विचारा एकदा," ती म्हणाली. "दरडावून नको. शेजारी बसून."

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुकान उघडलं नाही आज. मुंगी शाळेतून आल्यावर उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसलो. विचारलं.

तिने बोटं मोजायला घेतली. "शिंपी आजोबांना जुन्या कुस्त्या बघायच्या असतात. बघता बघता ते झोपले, मग त्यांच्या नातीने फोन घेतला. अध्यक्ष आजोबा पत्ते खेळतात. सुतारीण काकूंना त्यांची मालिका. आपली आजी, ती खोटं खोटं झोपते." ती नावं घेत राहिली, एक हात संपला. दुसऱ्या हाताची चार बोटं झाली. "सगळ्यांनी सांगितलं, मुंगे, कुणाला सांगू नकोस. म्हणून नाही सांगितलं."

एक बोट उरलं होतं. ते तिने माझ्या गुडघ्यावर टेकवलं.

"आणि तुम्ही."